‘केवळ छायाचित्रण’ या शेऱ्याविषयी, एक छोटा कॅमेरा पुढे ठेवून

मराठी समीक्षेत काही शेरे असे आहेत की ते एकदा मारले म्हणजे पुढे काही वाचावे लागत नाही. ‘प्रचारकी’ हा त्यांतला एक, ‘पसरट’ हा दुसरा. तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत निर्धास्तपणे वापरला जाणारा, म्हणजे ‘केवळ छायाचित्रण’. अमुक कादंबरीत गावाचे केवळ छायाचित्रण आहे. तमुक आत्मकथनात वास्तव टिपलेले आहे, पण त्याचे कलात्म रूपांतर झालेले नाही. हा लेखक कॅमेऱ्यासारखा नोंदवत जातो, निर्मिती करत नाही. एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत हे वाक्य आम्हांला दर वर्षी भेटते. विद्यार्थ्यांनी ते गाइडातून उचललेले असते, गाइडकर्त्यांनी प्राध्यापकांच्या टिपणांतून, आणि प्राध्यापकांनी, म्हणजे आमच्याच बिरादरीने, चर्चासत्रांतून. अशा रीतीने एक शेरा पिढ्यान् पिढ्या हातोहात जातो आणि त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची पाळी कुणावरच येत नाही.

या शेऱ्यामागचे गृहीतक साधे आहे. कॅमेरा हे यंत्र. यंत्र निवड करत नाही. समोर जे असते ते त्यात जसेच्या तसे उतरते. म्हणून ज्या लेखनात वास्तव जसेच्या तसे आल्यासारखे भासते ते लेखन यंत्राच्या पातळीचे. लेखन हे उपमेय, कॅमेरा हे उपमान. उपमान हे उपमेयाहून अधिक परिचित असावे, असे आपण अलंकारांचा पाठ देताना सांगतो. येथे मात्र ज्या वस्तूच्या आत काय चालते हे शेरा मारणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते, तीच उपमान म्हणून आणली जाते, आणि तिच्या आधारे माणसांच्या लेखनाचा निकाल लावला जातो.

निकाल कुणाचा लागतो, तेही पाहावे. दिवाणखान्यातल्या पडद्यांचे, चहाच्या कपांचे, अबोल नवरा-बायकोच्या हालचालींचे बारीक वर्णन आले की ते ‘सूक्ष्म निरीक्षण’ ठरते. वस्तीतल्या नळाचे, चुलीचे, भांडणाचे तितकेच बारीक वर्णन आले की ते ‘छायाचित्रण’ ठरते. ग्रामीण कथा आणि दलित आत्मकथने यांच्या वाट्याला हा शेरा आणि ‘सामाजिक दस्तऐवज’ हा त्याचा भाऊबंद जितक्या वेळा आला, तितका तो नागर कादंबरीच्या वाट्याला आल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही. जे जीवन समीक्षकाला अपरिचित असते, त्याचे वर्णन वाचताना तो विषयाकडेच पाहत राहतो, रचना त्याच्या नजरेतून सुटते; आणि मग आपल्या नजरेतून सुटलेली गोष्ट लेखनातच नाही असे तो जाहीर करतो. हा आमच्या मते वाङ्मयीन प्रश्न आहेच, पण त्याहून अधिक तो न्यायाचा प्रश्न आहे.

म्हणून आम्ही उपमानच टेबलावर ठेवायचे ठरवले. त्यासाठी निवडला ऑलिंपस कंपनीचा ओएम-वन हा फिल्मवर चालणारा एसएलआर कॅमेरा, जन्म १९७२, जपान. निवडीचे कारण असे की हा कॅमेरा पूर्णपणे यांत्रिक आहे. दाते, स्प्रिंगा, कापडाचा पडदा आणि एक आरसा. त्यातला सेल काढून टाकला तरी तो चित्र घेतो. ‘यंत्र’ या शब्दाने समीक्षकांना जे अभिप्रेत असते त्याचा इतका शुद्ध नमुना आजच्या काळात मिळणे कठीण. ‘यांत्रिक नक्कल’ हा आरोप कुठे सिद्ध व्हायचाच असेल तर तो येथे व्हायला हवा.

आधी थोडा पूर्वेतिहास. एसएलआर म्हणजे ज्या भिंगातून चित्र घ्यायचे त्याच भिंगातून पाहण्याची सोय असलेला कॅमेरा. भिंगाच्या मागे तिरपा आरसा असतो. तो प्रकाश वर फेकतो आणि वरच्या दुधी काचेवर प्रतिमा दिसते. बटण दाबले की आरसा उचलला जातो, पडदा सरकतो आणि तोच प्रकाश मागच्या फिल्मवर पडतो. कल्पना जुनी, पण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर ती सर्वदूर नेली ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टाने, १९३६ साली. त्यात वरून खाली डोकावून पाहावे लागे, आणि डावे उजवीकडे दिसे. १९४९च्या काँटॅक्स एसमध्ये दुधी काचेवर पंचकोनी लोलक बसला आणि प्रतिमा डोळ्यासमोर सरळ दिसू लागली. चित्र घेतल्यावर आरसा वरच अडकून राही आणि दिसणे बंद होई, ती अडचण १९५४ साली जपानच्या असाहीफ्लेक्स टू-बीने दूर केली. १९५९ साली निकॉन एफ आला आणि वृत्तपत्र-छायाचित्रकारांच्या गळ्यात एसएलआर कायमचा पडला. ‘गळ्यात पडला’ हे येथे शब्दशः घ्यावे. आरशाला जागा हवी, लोलकाला उंची हवी, उसळणाऱ्या आरशाचा धक्का सोसायला भक्कम सांगाडा हवा. प्रत्येक सुधारणेबरोबर कॅमेरा फुगत गेला, आणि भिंगासकट त्याचे वजन किलोच्या घरात गेले.

योशिहिसा मैतानी (१९३३–२००९) हा वासेदा विद्यापीठात यांत्रिक अभियांत्रिकी शिकलेला मनुष्य १९५६ साली ऑलिंपसमध्ये लागला. ही कंपनी मुळात सूक्ष्मदर्शकांची. १९५० साली तिने जठराच्या आत सोडायचा कॅमेरा केला होता. लहान जागेत भिंग बसवणे हा तिचा वंशपरंपरागत धंदा म्हणायला हरकत नाही. मैतानीने १९५९ साली ‘पेन’ केला. त्यात नेहमीच्या चौकटीच्या निम्म्या जागेत एक चित्र येई, त्यामुळे छत्तीसच्या रोलवर बहात्तर चित्रे निघत. फिल्म महाग असलेल्या जपानात तो घरोघरी गेला. १९६३ साली त्याच अर्ध्या चौकटीचा एसएलआर, पेन एफ, त्याने केला. त्यात आरसा वर उसळण्याऐवजी बाजूला कलत असे, म्हणून डोक्यावरचा उंचवटाच गेला. पुढे कंपनीला पूर्ण चौकटीचा एसएलआर हवा झाला. जे बाजारात मिळते तेच पुन्हा बनवण्यात अर्थ नाही, अशी मैतानीची धारणा होती. एसएलआरचे तीन दोष त्याने निश्चित केले: आकार, वजन, आणि आरसा-पडद्याचा धक्का व आवाज. या तिन्हींवर उपाय सापडला तरच आणखी एक कॅमेरा करण्याला काही कारण उरणार होते.

त्याने ते कसे साधले, हे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ‘लहान’ म्हणजे ‘कमी केलेले’ असे वाटते. (लघुकादंबरीला कादंबरीची धाकटी बहीण समजणारे आपण लोक.) ओएम-वनचा देह १३६ मिलिमीटर रुंद, ८३ उंच, ५० जाड, भिंगाशिवाय वजन ५१० ग्रॅम. पण आतला आरसा सोबतच्या कॅमेऱ्यांपेक्षा लहान नाही, मोठा आहे. लांब पल्ल्याचे भिंग लावले तरी दिसणाऱ्या प्रतिमेची कड कापली जाऊ नये म्हणून. व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा ९७ टक्के भाग दिसतो, आणि ५० मिलिमीटरच्या भिंगातून तो ०.९२ पट, म्हणजे जवळजवळ नुसत्या डोळ्याने दिसावा तेवढा मोठा दिसतो. बाहेरून आकसलेला हा कॅमेरा डोळा लावल्यावर ऐसपैस वाटतो. वगळायचे काय आणि वाढवायचे काय, हे दोन निर्णय एकाच वेळी घेतलेले आहेत.

जागा निघाली कुठून? बहुतेक एसएलआरमध्ये शटरचा वेग ठरवणारी चकती माथ्यावर असते. मैतानीने ती तेथून काढली आणि भिंगाच्या बैठकीभोवती कडे करून बसवली. मंद वेगांची दातेरी यंत्रणा आरशाच्या पेटीखाली, तळाशी नेली. (वेगाचे असे कडे १९६५च्या निकॉरमॅटमध्येही होते, तेवढ्यापुरता तो शोध मैतानीचा नव्हे.) परिणामी डाव्या हातात तीन कडी एकापुढे एक आली: मागे वेगाचे, मध्ये फोकसचे, पुढे छिद्राचे. उजव्या हाताला बटण दाबणे आणि फिल्म पुढे ओढणे एवढेच काम. डोळा चौकटीवरून न हलवता तिन्ही निर्णय बोटांनी घ्यायचे. आरसा आदळू नये म्हणून हवेच्या दाबाचा धक्काशोषक बसवला, त्यामुळे आवाज दबला. १९७२ साली हा कॅमेरा ‘एम-वन’ या नावाने विकायला आला आणि त्याच वर्षी कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात मांडला गेला. लाइकाच्या कॅमेऱ्यांची मालिका ‘एम’ या अक्षराची असल्याने लाइट्झ कंपनीने हरकत घेतली, आणि १९७३मध्ये ‘एम’च्या आधी ऑलिंपसचा ‘ओ’ लागला. पुढे १९७६ साली पेंटॅक्सने एमएक्स काढला तो १३५.५ बाय ८२.५ बाय ४९.५ मिलिमीटरचा, म्हणजे तिन्ही बाजूंनी बरोबर अर्धा मिलिमीटर कमी! साहित्यिकांतच ईर्षा असते असे नाही.

आता आरोपाकडे वळू. हा कॅमेरा ‘जसेच्या तसे’ उतरवतो काय?

ओएम-वनच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एकही आकडा दिसत नाही. डाव्या बाजूला खाली एक काटा तेवढा असतो. नेत्रभिंगाजवळचे कॅडमियम सल्फाइडचे दोन घटक प्रकाश मोजतात आणि काटा वरखाली होतो. तो मधल्या खाचेत आणला की प्रकाश ‘योग्य’. पण योग्य म्हणजे काय? हा मापक असे धरून चालतो की समोरचे जग सरासरीने करडे आहे. समोर बर्फाचे पठार आले आणि काट्याचे ऐकले, तर बर्फ मळकट करडे येते. काळी घोंगडी पांघरलेला धनगर चौकटभर आला आणि काट्याचे ऐकले, तर घोंगडी राखाडी होते. यंत्राला पांढरे ठाऊक नाही, काळेही नाही. बर्फाला बर्फाचा रंग द्यायचा तर काटा वर जाऊ द्यावा लागतो, घोंगडीला तिचा काळेपणा द्यायचा तर तो खाली ठेवावा लागतो. म्हणजे छायाचित्र ‘जसेच्या तसे’ यावे यासाठी यंत्राची आज्ञा मोडावी लागते. जे चित्र पाहून समीक्षक म्हणेल की यात तर काहीच केलेले नाही, त्यात काट्याला ‘नाही’ म्हणणारा एक मनुष्य उभा असतो.

आणि काटा मधोमध आणला तरी प्रश्न सुटत नाही. समजा प्रकाश असा आहे की १/६० सेकंद आणि एफ ८ हे जुळते. मग १/२५० सेकंद आणि एफ ४ हेही जुळते. १/१५ आणि एफ १६ हेही. तिन्हींत फिल्मवर प्रकाश सारखाच पडतो, काट्याच्या लेखी तिन्ही एकच. चित्रे मात्र वेगवेगळी. पहिल्यात माणूस चालतो आहे हे कळते. दुसऱ्यात त्याचे पाऊल हवेत थिजते आणि मागची भिंत विरघळून जाते. तिसऱ्यात भिंतीवरचा प्रत्येक पोपडा स्पष्ट, आणि माणूस म्हणजे एक फराटा. वास्तव एकच, प्रकाश एकच, कॅमेरा एकच. यांतले ‘केवळ छायाचित्रण’ कोणते, हे त्या शेऱ्याच्या समर्थकांनी आम्हांला सांगावे. भिंत महत्त्वाची की माणूस, हा निर्णय बटण दाबण्यापूर्वी घेतला गेला आहे, आणि तो कड्यावरच्या एका टिचकीत मावतो म्हणून त्याचे निर्णयपण कमी होत नाही.

‘ऑब्झर्व्हर’ या लंडनच्या वृत्तपत्रासाठी १९४९पासून अनेक दशके व्यक्तिचित्रे घेणाऱ्या जेन बाउन (१९२५–२०१४) यांचे नाव येथे घेणे भाग आहे. लेखक-कलावंतांचे चेहरे ज्यांना कृष्णधवल छायाचित्रांतून परिचित आहेत त्यांनी बाउन यांचे काम नकळत पाहिलेले असतेच. बेकेटचे १९७६चे ते सुरकुतलेले, करारी चित्र त्यांचेच. उत्तरायुष्यात त्यांचा कॅमेरा ओएम-वन होता. दिव्यांचा लवाजमा नाही, खिडकीतून येईल तो प्रकाश. कॅमेरा बाजारहाटाच्या पिशवीत. प्रकाश त्या आपल्या हाताच्या पाठीवर पाहून ठरवत, आणि बहुधा १/६० सेकंद व एफ २.८ या जोडीवरच काम करत. काट्याची त्यांना गरजच पडत नसे. एवढ्या कमी सामग्रीत हा चेहरा त्याच माणसाचा आणि हे चित्र बाउन यांचेच, असे दोन्ही एकदम ओळखू येते. नक्कल करणाऱ्या यंत्रातून शैली कशी निघते, याचे उत्तर ‘केवळ’वाद्यांकडे नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्हांला सर्वांत विचार करायला लावते. आरसा उचलला गेला की व्ह्यूफाइंडर अंधारतो. ज्या क्षणी फिल्मवर प्रकाश पडत असतो, नेमक्या त्या क्षणी छायाचित्रकाराला काहीही दिसत नसते. एसएलआरने घेतलेले प्रत्येक छायाचित्र हे घेणाऱ्याने न पाहिलेल्या क्षणाचे असते. शिवाय आधी जे दिसत होते तेही पूर्ण उघड्या छिद्रातून. चित्र घेताना छिद्र आकसते आणि पार्श्वभूमीचे रूप बदलते. ते आधी पाहायचे असेल तर भिंगावरचे एक छोटे बटण दाबून, दृश्य काळवंडलेले सोसून, अंदाज घ्यावा लागतो. थोडक्यात, या यंत्रात पाहणे आणि घेणे या दोन वेगळ्या कृती आहेत, त्यांच्यामध्ये अंधार आहे, आणि तो अंधार अनुमानाने, सरावाने, जाणिवेने ओलांडावा लागतो. ‘टिपणे’ हे आपले लाडके क्रियापद या अंधाराची दखलच घेत नाही.

आता हेच घेऊन ‘बलुतं’कडे जावे. १९७८ साली आलेल्या या पुस्तकाला ‘जगलेले जसेच्या तसे’ म्हणणाऱ्यांची संख्या कधीच कमी नव्हती. कित्येकांनी ते कौतुक म्हणूनही म्हटले. पण पुस्तकाची बांधणी काय आहे? दया पवार हा पांढरपेशा झालेला लेखक ऐकतो आहे आणि दगडू मारुती पवार हा सांगतो आहे. एकाच माणसाची दोन माणसे करून त्यांच्यामध्ये अंतर ठेवलेले आहे. सांगणाऱ्याने कुठे उभे राहायचे, ऐकणाऱ्याने किती जवळ यायचे, कशावर फोकस ठेवायचा आणि काय धूसर सोडायचे, हे सर्व या एका योजनेतून ठरते. ज्यांना ती योजना दिसली नाही त्यांनी ‘छायाचित्रण’ म्हटले. आमचे म्हणणे असे की ते नकळत बरोबर बोलले, कारण छायाचित्रण म्हणजे हेच. त्यांनी वगळावा तो ‘केवळ’.

यावर दोन आक्षेप आम्हांला तोंडी ऐकवले गेले आहेत. पहिला असा की हे रूपक आहे, रूपकाचा इतका कीस काढू नये. पण ज्या रूपकावर माणसांच्या लेखनाची प्रतवारी होते, गुण दिले जातात, अभ्यासक्रमात पुस्तक ठेवायचे की नाही हे ठरते, त्याचा कीस काढायचा नाही तर कशाचा? दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तापूर्ण: तुम्ही सोंटॅग, बार्थ वाचलेले नाहीत काय? वाचले आहेत. सुझन सोंटॅग यांच्या १९७७च्या ‘ऑन फोटोग्राफी’त कॅमेरा बंदुकीच्या जातीचा ठरतो. त्यांचे निबंध या कॅमेऱ्याचेच समकालीन, आणि प्रतिमांच्या हव्यासाविषयी त्या जे सांगतात ते आजही टोचते. पण बंदूकवाल्याची नजर चाप ओढताना सावजावर असते. आमच्या कॅमेऱ्यात ती नेमकी तेव्हाच जाते. रोलां बार्थ यांनी १९८०च्या ‘कॅमेरा ल्युसिडा’त छायाचित्र घेणारा, पाहणारा आणि ज्याचे घेतले जाते तो, असे तीन पक्ष मांडले, आणि आपण छायाचित्रकार नसल्याने घेणाऱ्याविषयी बोलू शकत नाही असे प्रारंभीच सांगून टाकले. हा प्रामाणिकपणा होता. त्यांच्या मराठी अनुयायांनी पुस्तकातले बाकी सगळे घेतले, तेवढे वाक्य मात्र घेतले नाही. छायाचित्रात वस्तूवरून आलेला प्रकाशच उमटलेला असतो, ती वस्तू तेथे होती याची ती खूण असते, हे बार्थ यांचे म्हणणे आम्हांला पूर्ण मान्य आहे. पण खूण म्हणजे नक्कल नव्हे. चिखलातले पाऊल पायाची खूण असते, पायाची प्रतिकृती नसते. चिखल किती ओला होता यावर तिचा आकार ठरतो. व्हिलेम फ्लुसर यांनी १९८३ साली यंत्राच्या ‘प्रोग्राम’चा प्रश्न मांडला: छायाचित्रकार स्वतंत्र आहे, की यंत्रात आधीच भरून ठेवलेल्या शक्यता तो फक्त वापरून पाहतो? हा खरा प्रश्न आहे, आणि तो आज खिशातल्या फोनला अधिक लागू पडतो. तेथे निर्णय कमी झालेले नाहीत, ते दुसऱ्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेले आहेत. पण फ्लुसरकडे जायचे तर आधी यंत्र उघडावे लागते, आणि आपल्याकडे तर झाकणालाही कुणी हात लावत नाही.

येथवर वाचून ज्यांना वाटले असेल की आम्ही जुन्या कॅमेऱ्यांच्या प्रेमिकांच्या दिंडीत सामील झालो, त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. अलीकडे महाविद्यालयीन अंकांत येणाऱ्या दर तिसऱ्या कवितेत माळ्यावर सापडलेला आजोबांचा कॅमेरा असतो. त्यात हमखास एक न धुतलेला रोल असतो, आणि त्या रोलात हरवलेले बालपण. कॅमेरा कोणता, त्यात काय बिघडले आहे, रोल कुठल्या जातीचा, याची कवीला गरज नसते. समीक्षकाने कॅमेऱ्याला निर्बुद्ध यंत्र केले, कवीने त्याला अत्तराची कुपी केली. दोघांनीही तो उघडलेला नाही.

उघडला असता तर काय दिसते? ओएम-वनचा काटा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चाले. असे सेल आज बनत नाहीत. त्या जागी बसणारा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, शिवाय वापराबरोबर उतरत जाणारा. त्यामुळे काटा खोटे सांगू लागतो. पाऱ्याच्या वापरावर बंधने घालणारा २०१३चा आंतरराष्ट्रीय करार, जो २०१७मध्ये अमलात आला, त्याचे नाव मिनामाता. मिनामाता हे जपानमधले गाव. तेथील रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने माणसे लुळी झाली, त्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली, म्हणजे मैतानी नोकरीला लागला त्याच वर्षी. आणि एम-वन बाजारात आला तेव्हा युजीन स्मिथ व आयलीन स्मिथ हे त्या गावात राहून तेथील माणसांची छायाचित्रे घेत होते. कॅमेऱ्यातल्या सेलचा त्या सांडपाण्याशी संबंध नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. पण ज्या काळाला आपण मऊ, सोनेरी, निरागस म्हणून कवितेत आणतो, त्या काळाच्या पोटात पाराही होता. शिवाय या कॅमेऱ्याच्या लोलकाभोवती लावलेला स्पंज वर्षांनी कुजतो, चिकट होतो आणि लोलकाचा चंदेरी लेप खातो. मग ज्या ऐसपैस दर्शनासाठी हा सारा खटाटोप झाला त्यातच काळा डाग पडतो. ‘जुने ते टिकाऊ’ म्हणणाऱ्यांनी हेही जमेस धरावे.

कंपन्यांनी मात्र ही हळहळ अचूक ओळखली आहे. ऑलिंपसने २००२ साली ओएम मालिका बंद केली, पुढे आपला कॅमेऱ्यांचा व्यवसायच विकला. तो चालवणाऱ्या ओएम डिजिटल सोल्युशन्सने २०२२ साली एका डिजिटल कॅमेऱ्याला पुन्हा ‘ओएम-वन’ हे नाव दिले, आणि २०२५ साली ‘ओएम-थ्री’ काढला तो जुन्या ओएम-वनच्या चेहऱ्यामोहऱ्याचा. त्याच्या माथ्यावरचा उंचवटा पाहून जुना लोलक आठवतो. आत लोलक नाही, आरसाही नाही. रूपबंधाची गरज संपल्यावर उरलेले रूप म्हणजे काय, हे शिकवायला आम्हांला आता नवकवितेच्या नकलांची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. त्या मानाने पेंटॅक्सने २०२४ साली काढलेला फिल्मचा ‘सतरा’ आम्हांला बरा वाटतो. त्यात मैतानीच्या पेनसारखी अर्धी चौकट आहे, आणि रोल महाग झालेल्या काळात एका रोलवर दुप्पट चित्रे काढू देण्याचे जुनेच, व्यवहारी कारण त्यामागे आहे.

गेल्या दोन सत्रांपासून आम्ही एक प्रथा पाडली आहे. उत्तरपत्रिकेत ‘लेखकाने केवळ छायाचित्रण केले आहे’ असे वाक्य आले की त्याखाली रेघ मारून समासात तीन प्रश्न लिहितो: लेखक कुठे उभा आहे? काय स्पष्ट आहे आणि काय धूसर? किती वेळ पडदा उघडा ठेवला आहे? पुष्कळ विद्यार्थी गोंधळतात, काही चिडतात, आणि काही जण पुस्तक पुन्हा उघडतात. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आम्हांला बोलावून सांगितले, की हे प्रश्न अभ्यासक्रमात नाहीत आणि पुनर्मूल्यांकनात अडचण येईल. आम्ही त्यांच्या टेबलावर कॅमेरा ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, डोळ्याला लावला, खिडकीकडे वळवला, आणि विचारले, ‘यातला काटा कुठे ठेवायचा असतो?’